धसक्यानं गेलेली माणसं

कंपनीच्या वार्षिक तपासणीत ईसीजी काढायला गेलो तेव्हा मी उपाशी होतो, लिफ्ट बंद म्हणून चार जिने चढून आलो होतो आणि त्याच दुपारी आमचं रिलीज होतं. कागदाच्या कोपऱ्यात यंत्रानं आपणहून छापलं होतं : क्यूटीसी ४६०, किंचित जास्त. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो कागद उजेडात धरला, पट्टीनं दोन ठिकाणी मोजलं आणि विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? पोहताना, पळताना, झोपेत, दचकून?"

मी "नाही" म्हणालो. रात्री आईशी बोलताना हे सहज सांगितलं. ती जरा थांबून म्हणाली, "आजीची धाकटी बहीण. पण ती तर धसक्यानं गेली."

मराठीत माणूस धसक्यानं जाऊ शकतो. आपण धसका घेतो, धसक्यानं अंथरूण धरतो आणि कुणीकुणी धसक्यानं प्राणही सोडतं. मला ही सगळी बोलण्याची रीत वाटायची. त्या रात्री वाचायला बसलो आणि लक्षात आलं, की या शब्दाला जवळपास पावणेदोनशे वर्षांचा वैद्यकीय इतिहास आहे.

त्याआधी धाकटीची गोष्ट सांगतो. साताऱ्याजवळचं गाव, साल १९६० च्या आसपास. ती अकरा वर्षांची. घरात लोणच्याची बरणी फुटली. अण्णा, म्हणजे माझे पणजोबा, ओसरीवरून जोरात ओरडले. धाकटी उभी होती तिथंच कोसळली. कांदा फोडून नाकाशी धरला, चप्पल हुंगवली, तोंडावर पाणी मारलं. ती उठली नाही. याआधी ती दोनदा अशीच पडली होती. एकदा विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहायला शिकताना. आणि एकदा शाळेच्या शर्यतीत. दोन्ही वेळा मिनिटभरात डोळे उघडून उठून बसली होती. "तिला फिट येते," असं गावानं ठरवून टाकलं होतं.

अण्णा त्यानंतर तीस वर्षं जगले. आजी सांगते, त्यांनी पुन्हा कधी घरात आवाज चढवला नाही. बैलावरसुद्धा नाही.

लाइपझिगची मुलगी

१८५६ साली लाइपझिगच्या फ्रीडरिश लुडविग माइसनर या डॉक्टरांनी मूकबधिरांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात एका मूकबधिर मुलीची हकिकत आहे. शाळेत सगळ्यांसमोर तिची कानउघाडणी चालू असताना ती कोसळली आणि मेली. आईवडिलांना ही बातमी कळवली, तेव्हा त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. त्यांची आणखी दोन मुलं अशीच गेली होती. एक जबर भीती बसल्यावर, दुसरं रागाच्या भरात.

हे वाचून मी फोन खाली ठेवला. लाइपझिगची शाळा आणि साताऱ्याची ओसरी यांच्यात शंभर वर्षांचं अंतर आहे, पण चित्र एकच. मोठं माणूस रागावतं, मूल पडतं. बघणाऱ्यांना दोन गोष्टी एकापाठोपाठ दिसतात आणि मधली तिसरी दिसत नाही.

माइसनरांकडं ती तिसरी गोष्ट बघायला साधनच नव्हतं. त्यांनी फक्त एक काम केलं. मुलीच्या मृत्यूची नोंद करताना तिच्या भावंडांचीही केली. आज हृदयाच्या तालाच्या एका आनुवंशिक आजाराचा इतिहास लिहिणारे याच परिच्छेदापासून सुरुवात करतात. तो आजार म्हणजे 'लाँग क्यूटी सिंड्रोम'.

एक तार आणि एक सूत्र

मधली गोष्ट दिसायला विसावं शतक उजाडावं लागलं. नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइन्टहोव्हेन यांनी चुंबकाच्या दोन टोकांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिशय बारीक धागा ताणून बसवला. हृदयातून निघालेला विजेचा इवलासा प्रवाह त्या धाग्यातून गेला, की धागा हलायचा आणि त्याची सावली फिल्मवर उमटायची. यंत्राचं वजन पावणेतीनशे किलोच्या घरात. ते चालवायला पाच माणसं लागायची. रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचा. कागदावरच्या चढउतारांना आइन्टहोव्हेननी पी, क्यू, आर, एस, टी अशी अक्षरं दिली. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्या बाह्या वर करून जेलीचे चिमटे लावणारी आजची नर्स तीच अक्षरं वापरते.

यातलं क्यूपासून टीच्या शेवटापर्यंतचं अंतर म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांनी एकदा पेटून पुन्हा पूर्वपदावर यायला घेतलेला वेळ. आमच्या भाषेत सांगायचं तर एक विनंती पूर्ण होऊन सिस्टिम पुढच्या विनंतीसाठी मोकळी होण्याचा वेळ. तो सेकंदाच्या साधारण चार दशांशांइतका असतो. पण ठोके जलद असतील तर हा वेळ आपोआप कमी होतो. म्हणून दोन माणसांची तुलना करायची, तर ठोक्यांचा वेग हिशेबातून काढून टाकावा लागतो.

१९२० साली हे काम दोघांनी वेगवेगळं केलं. इंग्लंडमध्ये हेन्री बॅझेट यांनी सांगितलं, क्यूटीला दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या वर्गमुळानं भागा. डेन्मार्कमध्ये फ्रिडेरिशिया म्हणाले, घनमुळानं भागा. बॅझेटचं सूत्र ३९ निरोगी तरुण पुरुषांच्या मोजणीवर उभं होतं. शंभर वर्षांनंतरही बहुतेक यंत्रांत मुक्कामाला आहे ते तेच.

मी माझ्या कागदाचं गणित पुन्हा मांडलं. ठोके मिनिटाला ८८, क्यूटी ३८० मिलिसेकंद. बॅझेटनं ४६० येतात. फ्रिडेरिशियानं ४३२. पुरुषांमध्ये ४५० च्या वर गेलं की भुवया उंचावतात. म्हणजे एका सूत्रात मी संशयित आणि दुसऱ्यात निर्दोष! ठोके जलद असले की बॅझेटचं सूत्र आकडा फुगवतं, हे डॉक्टरांना चांगलंच ठाऊक असतं. म्हणूनच त्यांनी मला निवांत, पोटभर खाऊन पुन्हा यायला सांगितलं होतं. घरातल्या मृत्यूंबद्दल विचारलं होतं तेही म्हणूनच. या आजारात एकटा आकडा पुरत नाही. तो कुणाच्या घरातला आहे, हे बघावं लागतं.

टॉन्सबर्ग, जिनोआ, डब्लिन

१९५७ साली नॉर्वेतल्या टॉन्सबर्गच्या आंतोन येर्वेल आणि फ्रेड लांगे-नील्सन या डॉक्टरांनी एका कुटुंबाची माहिती प्रसिद्ध केली. (यातले लांगे-नील्सन जाझच्या मैफलींत बास वाजवायचे आणि गायचे. हृदयाचा ताल मोजणाऱ्याला असा जोडधंदा शोभतो.) आईवडील ठणठणीत, दोघांनाही ऐकू येतं. सहा मुलं. त्यातली चार जन्मापासून बहिरी, आणि त्या चौघांना अधूनमधून शुद्ध हरपण्याचे झटके येत. तिघं अचानक गेली. वयं ४, ५ आणि ९. या वेळी मात्र ईसीजी काढलेला होता आणि त्यात क्यूटीचं अंतर स्पष्ट लांबलेलं होतं. माइसनरांच्या परिच्छेदाला १०१ वर्षांनी आकडा मिळाला.

मग कळलं, की बहिरेपण नसतानाही हे होतं. १९६३ साली इटलीत चेझारिनो रोमानो यांच्याकडं तीन महिन्यांची मुलगी आली, तिची दोन भावंडं तान्ही असतानाच गेलेली. १९६४ साली डब्लिनच्या ओवेन कॉनर वॉर्ड यांनी एक मुलगी आणि तिचा भाऊ यांच्याबद्दल लिहिलं. दोघांनी एकमेकांचं वाचलेलं नव्हतं, तरी वर्णन एकच. ऐकू नीट येतं, क्यूटी लांब, श्रमानं किंवा उत्तेजनेनं शुद्ध हरपते. इथं आजार आई किंवा बाप, एकाकडूनच उतरतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

शुद्ध का हरपते, याचं चित्र १९६६ साली पॅरिसच्या फ्रांस्वा देसेरतेन यांनी टिपलं. त्यांची रुग्ण ८० वर्षांच्या बाई होत्या आणि त्यांचा आजार निराळा होता. पण त्यांच्या ईसीजीत दिसलेल्या लाटा इथंही लागू पडल्या. हृदय पूर्वपदावर येण्याआधीच पुढचा ठोका मध्ये घुसतो आणि टोकदार लाटा मधल्या रेषेभोवती दोरीसारखा पीळ घेत राहतात. त्या वेळात हृदय नुसतं थरथरतं, मेंदूला रक्त पोचत नाही आणि माणूस पडतो. हातपाय झटकतात, डोळे फिरतात. बघणाऱ्याला ती अपस्माराची फिट वाटते. पुष्कळदा पीळ आपोआप सुटतो आणि माणूस उठून बसतो. न सुटला तर उठत नाही.

'उठून बसली' आणि 'उठली नाही' यांच्यात फरक एवढाच. कांदा आणि चप्पल यांचा लौकिक पहिल्या प्रकारावर उभा आहे. पीळ सुटायचा तेव्हा सुटतो आणि त्याच सुमारास कांदा नाकाशी आलेला असतो.

नोंदवही

निदान झालं. पण पुढं काय होणार? रोगनिदानानंतर प्रत्येक आई हाच प्रश्न विचारते आणि १९७० च्या सुमारास त्याला उत्तर नव्हतं. आजार इतका विरळ, की एकेका डॉक्टरला आयुष्यात एखादंच घर भेटणार. एका घरावरून भविष्य कसं सांगायचं?

अमेरिकेत रॉचेस्टरला आर्थर मॉस होते आणि इटलीत मिलानला पीटर श्वार्ट्झ. दोघांचाही रोख भीती आणि हृदय यांना जोडणाऱ्या मज्जातंतूंवर होता. मॉस यांनी मानेच्या डाव्या बाजूची मज्जातंतूंची गाठ शस्त्रक्रियेनं काढून एका रुग्णाचे झटके थांबवल्याचं १९७१ साली प्रसिद्ध केलं. अ‍ॅड्रेनलिनचा मारा बोथट करणारी बीटा ब्लॉकर औषधं तोवर आली होतीच. धसका हृदयापर्यंत पोचतो ती वाट सापडली होती आणि ती अडवताही येत होती.

पण मला त्यांचं मोठं काम वाटतं ते १९७९ सालचं. त्यांनी आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू केली. जगात कुठंही असं घर सापडलं, की त्यातल्या माणसांची नोंद करायची. पडलेल्यांची आणि न पडलेल्यांचीही. मग दर वर्षी त्यांची खबर घ्यायची. १९९१ पर्यंत ३२८ कुटुंबांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला होता. यात ना नवं यंत्र होतं, ना नवं औषध. चिकाटीनं भरलेली वही होती.

सुरुवातीचे आकडे भयंकर होते. एकदा शुद्ध हरपलेल्या आणि उपचार न मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे २० टक्के पहिल्या वर्षात आणि सुमारे ५० टक्के दहा वर्षांत दगावतात, असं तेव्हाच्या अभ्यासांतून दिसलं. हे वाचून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण डेटाशी रोजचा संबंध असलेल्या माणसाला लगेच शंका येते, की हे आकडे आले कुठून? डॉक्टरांच्या नजरेत येणारी घरं म्हणजे आधीच मृत्यू झालेली घरं. क्यूटी लांब असून ऐंशी वर्षं मजेत जगलेली आजी दवाखान्यात कशाला जाईल? वही जशी मोठी होत गेली, नातेवाईकांचे ईसीजी निघत गेले, तशा या आज्या सापडू लागल्या आणि भविष्य सौम्य होत गेलं. काही अंशी औषधांमुळे, आणि काही अंशी मोजणाऱ्यांनी अखेर सगळ्यांना मोजल्यामुळे.

१९९३ साली श्वार्ट्झ, मॉस आणि सहकाऱ्यांनी निदानासाठी गुणांचा तक्ता केला. क्यूटीसी ४६० ते ४७९ असेल तर २ गुण, त्याहून जास्त असेल तर ३. मानसिक वा शारीरिक ताणात शुद्ध हरपली असेल तर २. जन्मजात बहिरेपणाला अर्धा. जवळच्या नात्यात तिशीच्या आत कुणी विनाकारण अचानक गेलं असेल, तर त्यालाही अर्धा. आजच्या हिशेबानं साडेतीन झाले, की निदान जवळजवळ पक्कं.

मी धाकटीचे गुण मांडून पाहिले. झटक्यांचे २. बाकीचे महत्त्वाचे रकाने ईसीजीचे, आणि तो कधी निघालाच नाही. माझ्या तक्त्यात तर ती येतच नाही. आजीची बहीण हे जवळचं नातं धरत नाहीत.

नाचणाऱ्या माश्या

१९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम कॅप्लन फळांवरच्या चिलटांवर काम करत होते. त्यांना अशी काही चिलटं सापडली, की ईथर देऊन बेशुद्ध केलं तरी त्यांचे पाय थरथरत राहत. तेव्हा लॉस एंजेलिसच्या नाइटक्लबांमध्ये गो-गो नाच जोरात होता. कॅप्लननी त्या जनुकाला नाव दिलं 'ईथर-अ-गो-गो'. गंमत म्हणून दिलेलं हे नाव पुढं माणसाच्या हृदयाला चिकटणार आहे, याची त्यांना काय कल्पना!

१९९१ साली उटा विद्यापीठातल्या मार्क कीटिंग यांच्या गटानं तिथल्या एका मोठ्या कुटुंबात या आजाराची जागा ११ व्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. मग १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत तीन मुख्य जनुकं हाती आली. त्यातल्या दोन जनुकांचं काम पोटॅशियमला पेशीबाहेर जाऊ देणारी दारं बांधणं. आणि यातलं एक होतं त्या नाचणाऱ्या चिलटांच्या जनुकाचं मानवी भावंड. तिसरं जनुक सोडियमच्या दाराचं. पोटॅशियमचं दार अडकलं किंवा सोडियमचं नीट मिटलं नाही, की हृदयाला पूर्वपदावर यायला उशीर होतो. १९९७ साली टॉन्सबर्गचं कोडंही सुटलं. पोटॅशियमच्या दारांपैकी एक अंतर्कर्णातही असतं. आई आणि बाप दोघांकडून त्याची बिघडलेली प्रत आली, की हृदयाबरोबर कानही जातो. नॉर्वेतले आईवडील ठणठणीत होते, कारण त्यांच्याकडं एकेक प्रत चांगली होती.

हे आपल्याशी संबंधित आहे. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. दोन्हीकडं एकच आजोबा असले, की तीच बिघडलेली प्रत दोन वाटांनी येऊन एका बाळात भेटण्याची शक्यता वाढते. म्हणून जन्मतः बहिरं असलेलं मूल जर धावताना किंवा घाबरून पडत असेल, तर कानाच्या डॉक्टरांबरोबर त्याचा ईसीजीही काढायलाच हवा.

जनुकं कळल्यावर धसक्याचेही प्रकार पडले. २००१ साली ६७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या प्रकारात ६२ टक्के झटके श्रमात आले होते आणि पोहताना येणारे तर जवळजवळ सगळे याच प्रकारातले. दुसऱ्या प्रकारात ४३ टक्के झटके भावनिक ताणात; गजराच्या किंवा फोनच्या अचानक आवाजानं कोसळणारे बहुतेक हेच. तिसऱ्या प्रकारात ३९ टक्के झोपेत किंवा स्वस्थ पडल्यावर. विहीर, ओरडणं, झोप. पूर्वी गावात या तिन्हींना वेगवेगळी कारणं लावली असती. आसरांनी ओढलं, धसका बसला, झोपेतच देवानं नेलं.

त्या नाचणाऱ्या जनुकाचं दार आणखी एका कामी आलं. शिंका थांबवणारं टर्फेनाडिन आणि ॲसिडिटीवरचं सिसाप्राइड ही औषधं लाखोंनी खपत होती. क्वचित कुणी ती घेऊन कोसळायचं. दोन्ही औषधं तेच दार अडवतात, हे उमगलं आणि ती बाजारातून गेली. सिसाप्राइडवर भारतात २०११ साली बंदी आली. आज कुठलंही नवं औषध या दाराला धक्का लावतं का, हे तपासल्याशिवाय पुढं सरकत नाही. काही मोजक्या कुटुंबांच्या दुःखातून आलेली ही तपासणी आता तुमच्याआमच्या गोळ्यांच्या पाकिटामागं उभी असते.

जनुकं सापडली म्हणजे सगळं सापडलं, असं मात्र झालं नाही. १९९२ साली उटाच्याच मायकेल व्हिन्सेंट यांनी दाखवून दिलं होतं, की दोष बाळगणाऱ्यांचा क्यूटीसी ४१० पासून ५९० पर्यंत काहीही असू शकतो आणि त्याच घरातल्या निर्दोष माणसांचा ३८० ते ४७०. मधला पट्टा दोघांचा. २०२० साली तज्ज्ञांनी या आजाराशी जोडलेली १७ जनुकं पुन्हा तपासली, तेव्हा ९ जनुकांचा पुरावा तोकडा किंवा वादग्रस्त निघाला. आम्ही चुकीचा कोड मागं घेतो, तसं शास्त्रानं आपलंच विधान मागं घेतलं. फक्त इथं त्या विधानावर कुणीतरी छातीत यंत्र बसवून घेतलेलं असू शकतं.

तरीही आज या आजाराचं निदान म्हणजे मृत्यूचा निरोप नव्हे. साधारण दोन हजारांत एका बाळाला तो असतो, असं इटलीत ४४ हजारांहून जास्त बाळांचे ईसीजी काढून दिसलं. बहुतेकांना रोजची बीटा ब्लॉकरची गोळी, टाळायच्या औषधांची यादी आणि थोडी खबरदारी एवढ्यावर सर्वसाधारण आयुष्य जगता येतं. ज्यांचा क्यूटीसी ५०० च्या वर आहे किंवा जे औषध घेऊनही पडतात, त्यांचा धोका मोठा. त्यांच्यासाठी ती गाठ काढण्याची शस्त्रक्रिया आहे, छातीत बसवायचा डिफिब्रिलेटर आहे. सगळ्यात वाईट भविष्य आजही त्याचंच, ज्याचं निदान 'फिट' किंवा 'अशक्तपणा' म्हणून मिटवलं गेलं.

वहीतली गाळलेली नावं

या इतिहासात मला पुन्हापुन्हा एकच माणूस दिसतो, वही भरणारा. माइसनर, येर्वेल, मॉस, सगळ्यांनी मेलेल्या मुलाबरोबर त्याची भावंडंही लिहून ठेवली.

आपल्याकडंही वह्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडं पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी आहेत, दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घराण्यांची कुळी सांगत फिरतात. पण त्या नामावळींत बापामागून मुलगा येतो. मुली क्वचितच. अकराव्या वर्षी गेलेली, लग्न न झालेली मुलगी कुठल्याच वहीत नसते, ना माहेरच्या, ना सासरच्या. आणि मृत्यूचं कारण लिहायला तर रकानाच नसतो. डॉक्टर जे विचारतात, नेमकं तेच आपल्या वंशावळींनी गाळलेलं असतं. ते फक्त आज्यांच्या डोक्यात असतं आणि आज्या आता ऐंशीच्या घरात आहेत.

आठवड्यानं मी निवांतपणे दुसरा ईसीजी काढला. ठोके ६२, क्यूटी ४१२, क्यूटीसी ४१९. डॉक्टर म्हणाले, "झोपा स्वस्थ." मग मी गावी गेलो. फोनवर वंशावळ करायला घेतली होती, त्यात धाकटीचा रकाना रिकामा होता.

आजीला मी सगळं सांगितलं. लाइपझिगची मुलगी, नॉर्वेची भावंडं, विहिरीचं आणि शर्यतीचं का विचारतात ते. तिनं शेंगा फोडता फोडता ऐकलं. मग हात थांबवून म्हणाली, "म्हंजे अण्णांनी नाही मारलं तिला?"

मी अडखळलो. धाकटीला हाच आजार होता, असं मी सांगू शकत नाही. हृदयाचे असे आणखी आजार आहेत, काहींचा तर निवांत असतानाचा ईसीजी अगदी सरळ असतो. त्या काळी सांधेज्वरानं मुलांच्या झडपाही खराब व्हायच्या. कागद नाही, रक्त नाही, छायाचित्रसुद्धा नाही. पण एवढं मात्र हा सगळा इतिहास वाचून छातीठोकपणे सांगता येतं, आणि तेच मी तिला सांगितलं. "आजी, कुणी ओरडल्यानं धडधाकट पोर जागच्या जागी मरत नाही. तिच्या काळजात आधीच काहीतरी बिघडलेलं असणार. अण्णा त्या दिवशी ओरडले नसते, तर दुसऱ्या कशानं तरी ती पडली असती."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे कुणीतरी अण्णांना सांगायला पाहिजे होतं रे."

थोड्या वेळानं तिनं शेंगा बाजूला सारल्या. "आणि तुझ्या आईचा काढला का हा कागद? मावशीचा? तिच्या पोरांचा?"

नव्हता काढला. पुढच्या महिन्याभरात सगळ्यांचा काढला, आजीचाही. डॉक्टरांनी एकेक कागद पाहिला, कुणाच्यात काळजीचं काही नाही. माझ्या फोनमधल्या वंशावळीत आता धाकटीचं नाव आहे. वय ११. विहिरीत पडली, शर्यतीत पडली, ओरडल्यावर गेली. कारणाच्या रकान्यात मी आधी 'धसका' लिहिलं होतं. ते खोडलेलं नाही. पुढं 'हृदय?' एवढं जोडलं आहे.